दंडावरचा सेन्सर आणि चौदा दिवसांची वही

मला शुगर निघून अकरा वर्षं झाली. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी क्वालिटी खात्यात आहे, तीन शिफ्टमध्ये काम. सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणि गेली चार वर्षं रात्रीचं इन्सुलिन. एवढ्या वर्षांत माझी शुगर म्हणजे दर तीन महिन्यांनी लॅबमधून येणारा एक कागद: उपाशीपोटीचा आकडा, जेवणानंतरचा आकडा आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी. मधल्या नव्वद दिवसांत आत काय चाललं होतं, ते मला माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही नव्हतं. गेल्या वर्षी पहिल्यांदा दंडाला शुगर सतत मोजणारा सेन्सर लावला आणि आठवड्याभरातच कळलं, की दिवसा वाढते म्हणून मी जिची काळजी करत होतो, तीच शुगर पहाटे तीनला खाली घसरत होती.

तेव्हापासून गल्लीत, कंपनीत, नात्यात कुणी ना कुणी विचारतं: हे लावायचं कसं, खर्च किती, खरं दाखवतं का? सगळ्यांना एकेकट्यानं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आलंय. म्हणजे हा लेख लागणारं कुणीतरी प्रत्येक गल्लीत असणारच.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. आपल्यासारख्या पगारी माणसाला हे यंत्र वर्षभर लावणं परवडत नाही, आणि टाइप २, म्हणजे सहसा मोठेपणी होणारा मधुमेह, असलेल्या बहुतेकांना तशी गरजही नसते. एक सेन्सर घ्या, पण त्याचे चौदा दिवस वही घेऊन वापरा. वहीशिवाय लावलेला सेन्सर म्हणजे चौदा दिवस मोबाइलकडे बघत घाबरणं, दुसरं काही नाही.

हे मोजतं काय?

दहाच्या नाण्याहून थोडी मोठी, पांढरी, चपटी चकती असते. तिच्या पोटातून केसासारखा एक मऊ धागा निघतो, साधारण पाच मिलिमीटर लांबीचा. तो कातडीखाली जाऊन बसतो. त्याच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेझ नावाचं एन्झाइम असतं. ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की अगदी बारीक विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यावरून यंत्र आकडा काढतं. सुई धाग्याला आत सोडून लगेच बाहेर येते. अंगात सुई राहत नाही, ही भीती आधी मनातून काढा.

पण हा धागा रक्तात नसतो. पेशींच्या मधे जो पाणीदार द्रव असतो, त्यातली साखर तो मोजतो. रक्तात साखर आधी वाढते आणि तिथं पाच-दहा मिनिटांनी पोचते. म्हणून बोटातून काढलेला आकडा आणि सेन्सरचा आकडा तंतोतंत जुळत नाहीत, आणि जुळावेत असा हट्टही धरू नका. बोटातून रक्त घेऊन तपासणाऱ्या ग्लुकोमीटरलाही १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा मानकातच दिलेली आहे. एक १६२ सांगतो आणि दुसरा १४८, तर दोन्ही ठीक चालले आहेत असं समजा.

घ्यायच्या आधी

पहिल्यांदा डॉक्टरांशी बोला. खाजगीत दाखवत असाल किंवा सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, ओपीडीत, विचारायचा प्रश्न एकच: माझ्या बाबतीत यातून औषध बदलायला उपयोग होईल का? टाइप १ ची (शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशी) मुलं, दिवसातून तीन-चार वेळा इन्सुलिन घेणारे, शुगर खाली गेलेली ज्यांना कळतच नाही असे लोक आणि मधुमेह असलेल्या गरोदर बाया यांना याचा सगळ्यात जास्त फायदा. यातल्या काहींना तर तो कायम लावावा लागतो. तो खर्च टाळू नका, दुसरीकडे कुठंतरी हात आखडा. फक्त पथ्यावर असलेल्या आणि रिपोर्ट चांगले असलेल्या माणसानं शेजाऱ्यानं लावला म्हणून धावत जाऊ नये.

डॉक्टर कधीकधी स्वतःच 'प्रो' प्रकारचा सेन्सर लावून देतात. त्यात तुम्हाला आकडे दिसत नाहीत. चौदा दिवसांनी दवाखान्यात स्कॅन करून डॉक्टर सगळा आलेख एकदम बघतात. सारखं मोबाइल बघून ज्यांचा जीव वरखाली होतो, त्यांच्यासाठी तो बरा.

ऑनलाइन दीड-दोन हजारांत शुगर दाखवणारी घड्याळं आणि अंगठ्या मिळतात. त्या घेऊ नका. कातडीला न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. दंडावरच्या सेन्सरचा आकडा घड्याळात उमटतो ती गोष्ट वेगळी, तिथं घड्याळ फक्त पाटीचं काम करतं. आमच्या ओळखीतल्या एकानं असल्या घड्याळावर विसंबून गोळी अर्धी केली होती. त्याला पुढं काय सोसावं लागलं ते मी जवळून बघितलंय, म्हणून हे इतकं ठासून सांगतोय.

आता मोबाइल. इथं बरेचजण फसतात. काही सेन्सर मोबाइल जवळ नेऊन स्कॅन करायचे असतात, त्याला फोनमध्ये एनएफसी लागतं, आणि आपल्याकडच्या स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये ते बऱ्याचदा नसतं. सेटिंग्जमध्ये जाऊन 'एनएफसी' शोधा. नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन किंवा कंपनीचा वेगळा रीडर लागेल. नवे सेन्सर ब्लूटूथवर आपोआप आकडे पाठवतात, तरी सुरू करताना एनएफसी लागू शकतं. अ‍ॅप आपल्या फोनवर चालतं का, ते सेन्सर घ्यायच्या आधीच बसवून बघा. डबा फोडल्यावर नव्हे.

फ्रीस्टाइल लिब्रे हे नाव आपल्याकडं जास्त ऐकू येतं. त्याचा डॉक्टरांसाठीचा प्रकार भारतात २०१५ मध्ये आला आणि घरी वापरायचा २०२० मध्ये. आता दुसऱ्या कंपन्यांचेही मिळतात. एका सेन्सरला मला साडेचार-पाच हजारांच्या आसपास खर्च आला. तुम्ही दोन-तीन ठिकाणी विचारा. पक्कं बिल घ्या, मुदत बघा, आणि दुकानात तो ठेवलाय कुठं तेही बघा. माझा दुसरा सेन्सर एका दुकानात रस्त्याकडच्या काचेमागं, दुपारच्या उन्हात ठेवलेला होता. तो दोन दिवसांतच बंद पडला. डब्यावर तापमान छापलेलं असतं, त्याच्यावर जाऊन चालत नाही. एप्रिल-मे मध्ये घरी नेतानाही गाडीच्या डिकीत टाकू नका, हातातल्या पिशवीत न्या.

बरोबर ग्लुकोमीटरच्या दहा-पंधरा स्ट्रिप हव्यातच. सेन्सर आला म्हणून ग्लुकोमीटर माळ्यावर टाकायचा नाही.

लावायचा कसा

आंघोळीनंतर लावा, पण तेल, क्रीम, पावडर काही नको. जागा म्हणजे दंडाची मागची बाजू, कोपर आणि खांदा यांच्या मधला मांसल भाग. हात समोरच्या खांद्यावर ठेवला की ती जागा आपोआप वर येते. तीळ, व्रण, गाठ असेल ती जागा सोडा. इन्सुलिन दंडात घेत असाल तर त्या जागेपासून किमान एक इंच लांब. कुठल्या कुशीवर झोपता ते आठवा आणि दुसरा दंड निवडा. हे का, ते पुढं येईल. दंडावर केस जास्त असतील तर आधी काढा, नाहीतर गोंद केसाला धरतो, कातडीला नाही.

स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. फुंकर मारू नका. दोन भागांत येणारा सेन्सर असेल तर दोन्हींवरचा नंबर एकच आहे का बघा, मग खुणेला खूण जुळवून अ‍ॅप्लिकेटर दाबून बसवा आणि वर उचला. आता सुई उघडी असते, तिला बोट लावू नका. अ‍ॅप्लिकेटर दंडावर सरळ टेकवून एकदाच घट्ट दाबायचा. 'टक' असा आवाज येतो. मी पहिल्या वेळी डोळे गच्च मिटून घेतले होते. बायको म्हणाली, "झालं की, उघडा डोळे." मुंगी चावल्याएवढंही दुखलं नाही. दहा सेकंद थांबून अ‍ॅप्लिकेटर हलकेच मागं घ्या आणि कडेनं बोट फिरवून पट्टी दाबा. थेंबभर रक्त दिसलं तर घाबरू नका. रक्त वाहतच राहिलं तर मात्र तो काढावा लागतो.

मग फोनवरून सुरू करा. पहिला आकडा यायला प्रकाराप्रमाणं वेळ लागतो, लिब्रेला एक तास. पहिले चोवीस तास आकडे जरा भरकटलेले असतात. धागा टोचल्यामुळं कातडीखाली थोडी सूज असते, ती उतरेपर्यंत असं होतं. मी संध्याकाळी लावतो आणि दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपासूनचे आकडे धरतो. पहिल्याच रात्री ६० बघून साखर खाणं किंवा २६० बघून इन्सुलिन वाढवणं, दोन्ही टाळा. शंका आली तर बोट टोचा.

आकडा नाही, बाण बघा

पावसाळ्यात आपण कोल्हापूरकर काय विचारतो? राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर? ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण आकडा ऐकून कुणी गप्प बसत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो: चढतंय का उतरतंय? ३८ फूट आणि चढतंय, तर नदीकाठची माणसं सामान वर काढायला लागतात. ४१ फूट आणि उतरतंय, तर तीच माणसं रात्री निवांत झोपतात. सेन्सरचं सगळं शास्त्र या दुसऱ्या प्रश्नात आहे. ग्लुकोमीटर फक्त फूट सांगतो. सेन्सर चढ-उतार सांगतो.

आकड्याशेजारी बाण असतो. लिब्रेमध्ये आडवा बाण म्हणजे शुगर जवळपास स्थिर. तिरका म्हणजे मिनिटाला एक ते दोननं वर किंवा खाली. सरळ उभा म्हणजे मिनिटाला दोनहून जास्त. आता हिशेब करा. ११० चा आकडा छान दिसतो, पण बाण सरळ खाली असेल तर वीस मिनिटांत तो ७० वर येऊ शकतो, आणि तेवढ्या वेळात तुम्ही गाडीवरून हायवेला लागलेले असता. एकदा सेकंड शिफ्टला निघताना मी ११२ बघून हेल्मेट घातलं. मुलगी फोन हातात घेऊन दारात आडवी आली. "पप्पा, बाण खाली वळलाय. आधी काहीतरी खावा, मग जावा." दोन बिस्किटं आणि अर्धा कप दूध पिऊन थांबलो, बाण आडवा झाल्यावर निघालो. १०० च्या आसपास आकडा आणि बाण खाली असेल तर गाडी काढायची नाही, हा आमच्या घरचा नियम तेव्हापासूनचा.

वही

शंभर पानी साधी वही पुरे. चार गोष्टी लिहायच्या: वेळ, काय खाल्लं आणि किती, औषध कधी घेतलं, चाललो किती. अ‍ॅपमध्येही लिहिता येतं, पण वही डॉक्टरांच्या टेबलावर उघडता येते.

पहिले चार दिवस काही बदलू नका, रोजचंच खा. सेन्सर लावला म्हणून एकदम शहाण्यासारखं वागलात तर तुमची खरी शुगर दिसणारच नाही. नंतरच्या दिवसांत प्रयोग करा. एका वेळी एकच बदल, हे मी कारखान्यात शिकलोय. कास्टिंगमध्ये भोकं पडायला लागली तर वाळू, तापमान आणि मिश्रण तिन्ही एकदम बदलून कारण सापडत नाही.

माझा मिसळीचा प्रयोग सांगतो. तिसऱ्या दिवशी रविवार होता. खाण्याआधी ११८. नेहमीप्रमाणं मिसळ, वरून कट आणि चार स्लाइस. एका तासानं १७१, पावणेदोन तासांनी २२६, तीन तासांनीही १९०. पुढच्या रविवारी तेच दुकान, तीच मिसळ, तेवढाच कट, फक्त स्लाइस एक. शेंड्याला १७४ आणि तीन तासांनी १३१. इतकी वर्षं मी मिसळीलाच दोष देत होतो. मटकीच्या उसळीचा त्यात फारसा वाटा नव्हता, पावाचा होता. तुमचं शरीर वेगळं असेल, आकडेही वेगळे येतील, पण करून बघण्याची पद्धत हीच.

मटणाच्या ताटाचं गणित आणखी वेगळं. तांबडा-पांढरा रस्सा आणि सुक्कं यांनी माझी रेषा फार हलत नाही, हलते ती भाताच्या वाढणीनं. पण तेल, खोबरं, काजू यांमुळं पोट सावकाश रिकामं होतं आणि शुगर उशिरा चढून बराच वेळ वर राहते. असल्या जेवणानंतर दोन तासांचा आकडा बघून खूश होऊ नका, चार तासांनीही बघा. लॅबच्या 'पीपी'त, म्हणजे जेवणानंतरच्या तपासणीत, ही गोष्ट कधीच सापडत नाही.

गुळाचं लिहायला मला जड जातं. आमच्या आजोळी गुऱ्हाळ होतं आणि काकवीची चव अजून जिभेवर आहे. पण 'साखर बंद, गूळ चालतो' हे सेन्सरच्या रेषेला मान्य नाही. गुळाचा चहा आणि साखरेचा चहा, दोन्हींना माझा चढ सारखाच आला. उसाच्या रसाच्या एका ग्लासानं तर चाळीस मिनिटांत १३२ वरून २४१. कोल्हापुरी गूळ जगात भारी आहे, पण आपल्यासाठी ती साखरच.

नवरात्राचंही बोलायला हवं, कारण अंबाबाईचे नऊ दिवसांचे उपवास आपल्याकडं घरोघरी असतात. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. खिचडीच्या ताटलीनं माझ्या बायकोच्या वहिनींची शुगर जेवणापेक्षा जास्त चढलेली मी पाहिली. शेंगदाणे, दही, काकडी यांवर भर देऊन साबुदाणा मूठभर केला तर फरक पडतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी निर्जळ उपवास डॉक्टरांना न विचारता करूच नये.

आणि चालणं. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं रंकाळ्यावर, कठड्याच्या कडेनं, साधी चाल. त्याच भाकरी-भाजी-भाताला न चालता १९८ आणि चालून १५६. माझ्या चौदा दिवसांतला सगळ्यात स्वस्त प्रयोग हाच ठरला.

सकाळी काही न खाता शुगर वर जाताना दिसली तर चक्रावू नका. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत काही हार्मोन्स सोडतं आणि यकृत साखर बाहेर काढतं. याला रात्रीच्या जेवणाला जबाबदार धरून उपाशी झोपू नका.

रात्रीचे अलार्म, खरे आणि खोटे

तिसऱ्या रात्री पावणेतीनला फोन ओरडला. ५८. बायको साखरेचं पाणी घेऊन उभी, "अहो, उठा." पण मला घाम नव्हता, थरथर नव्हती. बोट टोचलं, १०४. मी सेन्सरवरच झोपलो होतो. दंड दाबला गेला की तिथला द्रव कमी होतो आणि यंत्र खोटा उतार दाखवतं. आलेखात असा उतार एकदम कड्यासारखा खाली पडलेला दिसतो आणि कूस बदलली की तसाच वर येतो. म्हणून मघाशी कूस आठवायला सांगितली.

सातव्या रात्री परत अलार्म, तीन वाजून दहा मिनिटं, ६१. मी पाठीवर होतो. अंगावरचा बनियन ओला. बोटाचा आकडा ६६. हा खरा होता, आणि वही बघितली तर त्याआधीच्या दोन रात्रीही रेषा त्याच वेळी खाली वाकलेली. डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. किती कमी केलं ते मुद्दाम लिहीत नाही, माझे युनिट तुमच्या कामाचे नाहीत. सेन्सर बघून औषध आपल्या मनानं बदलायचं नाही.

शुगर ७० च्या खाली गेली तर: तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून प्यायची, साधारण १५ ग्रॅम. पेढा, लाडू, चॉकलेट नको, त्यातल्या तुपामुळं साखर उशिरा लागते. पंधरा मिनिटं थांबा आणि बोटातून तपासा. सेन्सर इथं मागं पडतो. रक्तात शुगर वर आलेली असते आणि तो अजून ६० च दाखवत असतो. त्याच्याकडे बघत माणूस आणखी साखर, आणखी केळं, आणखी बिस्किटं खातो आणि तासाभरात २५० वर जातो. बोटाचा आकडा अजून खाली असेल तर परत तेवढंच घ्या. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

अंगाला जे जाणवतं ते आणि सेन्सर सांगतो ते जुळत नसेल, तर निकाल बोटानं द्यायचा. एवढा एक नियम पाठ करा.

टिकवायचा कसा

आंघोळ चालते. लिब्रेला एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास चालतं, म्हणजे पोहणं हिशेबानं. माझा एक सेन्सर पाण्यानं नाही, रेनकोटानं गेला. जुलैतली संध्याकाळ, घाईत बाही ओढली आणि सहाव्या दिवशी चकती बाहीबरोबर बाहेर. त्यानंतर पावसाळ्यात मी सेन्सरच्या हाताची बाही आधी घालतो आणि शेवटी, सावकाश काढतो. दाराची चौकट, केएमटी बसमधली गर्दी, बॅगेचा पट्टा, तालमीतली झोंबी ही बाकीची कारणं. वरून लावायच्या चिकटपट्ट्या मिळतात, पण चकतीच्या मधलं छिद्र झाकू नका.

मुदतीआधी बंद पडला किंवा गळून पडला तर फेकू नका. डबा आणि सिरीयल नंबर जपून ठेवा, कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा. दोष सेन्सरचा असेल तर बदलून मिळू शकतो. एमआरआयला जायच्या आधी सेन्सर काढावा लागतो, एक्स-रे आणि सीटीलाही तिथल्या माणसाला आधी सांगा. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या खात असाल तर डॉक्टरांना सांगा. दिवसाला ५०० मिलिग्रॅमहून जास्त घेतलं तर काही सेन्सर शुगर असते त्याहून जास्त दाखवतात. खाज, पुरळ, पाणी सुटणं यातलं काही झालं तर तो तिथंच काढून कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. काहींना गोंदाचीच अ‍ॅलर्जी असते.

आणि घरच्यांसाठी दोन शब्द. अ‍ॅपमधून आकडे दुसऱ्याच्या फोनवर दिसतात, ही फार मोठी सोय आहे. पण आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्याच्या फोनवर रेषा जरा वर गेली की फोन, "आई, आत्ता काय खाल्लंस?" दिवसातून चार-पाच वेळा. काकूंनी पाचव्या दिवशी सेन्सर उपटून टाकला. मला म्हणाल्या, "घरात पोलीस बसवल्यासारखं झालं बघ." आधीच ठरवून घ्या: ७० च्या खालचा अलार्म आला तरच फोन करायचा, बाकीचं रविवारी सावकाश बोलायचं.

डॉक्टरांकडे काय न्यायचं

अ‍ॅपमधून एजीपी नावाचा एक पानी अहवाल निघतो. त्यात चौदा दिवस एकमेकांवर ठेवून एका दिवसाचं चित्र काढलेलं असतं. त्यातला मुख्य आकडा म्हणजे ७० ते १८० च्या मधे किती वेळ गेला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेलं लक्ष्य बहुतेक मोठ्या माणसांसाठी ७० टक्क्यांहून जास्त आहे, म्हणजे दिवसाचे जवळपास सतरा तास. ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभराच्या आत. वयस्कर आणि नाजूक तब्येतीच्या माणसांना एवढं कडक नको, त्यांच्यासाठी ५० टक्क्यांहून जास्त पुरे, पण ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याच्या आत हवा. आजी-आजोबांची शुगर थोडी वर राहिली तरी चालेल, खाली जाता कामा नये. गरोदरपणात मर्यादा वेगळी असते, ६३ ते १४०.

माझ्या पहिल्या अहवालात मधला वेळ ५८ टक्के होता, तिसऱ्यात ७१. एचबीएवनसी या दोन्ही वेळा फारशी हलली नव्हती. कारण ती सरासरी आहे, आणि पहाटेचे ६१ आणि दुपारचे २२६ सरासरीत एकमेकांना झाकतात. अंगात रक्त कमी असणाऱ्यांची एचबीएवनसी तर तशीही फसवी येऊ शकते. अहवाल छापून घ्या, वही बरोबर न्या आणि तुम्हाला न कळलेल्या दोन-तीन जागांवर आधीच पेनानं गोल करून ठेवा. दवाखान्यातली पाच मिनिटं तिथंच खर्ची पडू देत.

काढताना

चौदा दिवसांचा सेन्सर मुदत संपली की आपोआप बंद होतो. पट्टीच्या कडेला खोबरेल तेल चोळा, पाच मिनिटं थांबा आणि एका बाजूनं सावकाश सोला. धागा चकतीबरोबर पूर्ण बाहेर आलाय का, ते उजेडात धरून बघा.

अ‍ॅप्लिकेटरमध्ये सुई असते. तो लावल्या दिवसापासून झाकण लावून जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवलेला असावा, इन्सुलिनच्या सुया आणि बोट टोचायच्या सुयाही (लॅन्सेट) त्यातच. बाटली भरली की दवाखान्यात विचारून तिथल्या सुयांच्या डब्यात द्या. घंटागाडीत सुटी टाकू नका, तिथं माणसं हातानं कचरा वेगळा करतात.

दंडावर गोल डाग राहतो, दोन-तीन दिवसांत जातो. पुढचा सेन्सर तीन-चार महिन्यांनी, दुसऱ्या दंडावर, आणि वहीत नवीन पानावर.